मुलीचं नाव ठरलं, पण लिहायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव पटकन ठरतं, अडतं ते लिहिताना. मी गेली वीस वर्षं मुद्रितशोधन करते. त्यामुळे ओळखीत कुणाकडे मुलगी झाली, की बारशाची पत्रिका छापायला जाण्याआधी एक मेसेज हमखास येतो : "ताई, यातलं बरोबर कुठलं?" तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सोप्यापासून सुरुवात केली आहे, किचकट पुढे आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कसंही लिहिलं तरी हाक तीच मारायची ना? मग एवढा विचार कशाला करायचा?

हाक मारताना काहीच अडत नाही, अडतं ते खिडकीपाशी. जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, पासपोर्ट, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्या दाखल्यावर जे अक्षर पडेल, तेच पुढे शाळेच्या रजिस्टरात आणि तिथून सगळीकडे जातं. म्हणून विचार करायचा तो आत्ता, पहिला फॉर्म भरायच्या आधी. एकदा करायचा आणि मग त्याला चिकटून राहायचं.

२. आधी मराठीत ठरवायचं की इंग्रजी स्पेलिंग?

आधी मराठीत. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. देवनागरीत उच्चार आणि अर्थ दोन्ही एकदम पक्के होतात, इंग्रजी स्पेलिंग ही त्या उच्चाराची सोय असते. उलटं केलं की काय होतं ते मी पत्रिकांच्या प्रुफांत पाहते. स्पेलिंग कुठून तरी आवडलेलं असतं आणि मराठीत काय लिहायचं यावर आई, बाबा आणि आजी तीन वेगळी उत्तरं देतात.

एक काम करा. कोऱ्या कागदावर नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा अर्थ एका ओळीत लिहा, खाली एकच इंग्रजी स्पेलिंग लिहा. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. दवाखान्यात, महापालिकेत, बँकेत जो जाईल त्याने तोच फोटो समोर धरायचा.

३. नावांच्या वेबसाइटवर 'श्रुति', 'अदिति', 'कीर्ति' असं दिसतं. आमच्या बाई म्हणतात 'श्रुती'. कोण बरोबर?

मराठीत बाई बरोबर. वेबसाइटवरच्या बहुतेक याद्या हिंदीतून उचललेल्या असतात आणि हिंदीत संस्कृतप्रमाणे शेवटची वेलांटी पहिली ठेवतात. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. त्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा आणि व्यक्तिनामंही त्यात आली. म्हणून श्रुती, अदिती, कीर्ती, स्मृती, भक्ती, ज्योती.

गौरी, जानकी, सावित्री, गायत्री ही नावं संस्कृतातही दीर्घच आहेत, त्यामुळे तिथे प्रश्नच उद्भवत नाही.

मेख आहे ती जोडनावांत. मूळ ह्रस्व असलेला शब्द समासात पहिला आला तर तो ह्रस्वच राहतो : 'कीर्ती', पण 'कीर्तिमाला'. मूळ दीर्घ असेल तर दीर्घ राहतो : 'लक्ष्मीप्रिया'.

४. 'श्रुती', 'शृती', 'श्रृती' या तिन्हींत फरक काय? मोबाइलवर तर सगळे येतात.

मोबाइल काहीही उमटवतो. नाव 'श्रुती'च. श आणि र मिळून 'श्र' झाला, त्याला पहिला उकार दिला. मूळ धातू 'श्रु' म्हणजे ऐकणे.

'शृ' म्हणजे श ला ऋकार. तो शृंगारात आहे, शृंखलेत आहे, श्रुतीत नाही. आणि 'श्रृ' हे अक्षर मुळात लिहायलाच नको. 'श्र'मध्ये र आधीच बसलेला आहे, त्याला खाली पुन्हा ऋकार लावायचं कारण नाही. तरी दुकानांच्या पाट्यांवर 'श्रृंगार' इतक्या वेळा दिसतं, की डोळ्याला तेच खरं वाटायला लागतं.

अशीच फसगत 'श्रद्धा', 'सिद्धी', 'समृद्धी' या नावांत होते. तिथे द ला ध जोडलेला आहे, म्हणजे आधी द आणि मग ध. पुष्कळ जण ते उलटं करून 'श्रध्दा' टाइप करतात. ज्या फॉण्टमध्ये द्ध एकत्र गुंफलेला असतो त्यात चूक नजरेला येत नाही. म्हणून पत्रिका छापायला देण्याआधी ते एक अक्षर मोठं करून पाहा.

५. दीपाली की दिपाली, मनीषा की मनिषा? मधली वेलांटी कशी ओळखायची?

ही नावं संस्कृतातून जशीच्या तशी आलेली आहेत, म्हणून मूळ शब्द शोधायचा. दिव्याला 'दीप', म्हणून दीपा, दीपाली, दीपिका. 'मनीषा' म्हणजे बुद्धी, इच्छा. तिथे नी दुसरी. 'कीर्ती'त की दुसरी. 'नीलिमा'त नी दुसरी आणि लि पहिली.

'-इता' या नावांबद्दल सर्वांत जास्त मेसेज येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. अंकिता, अर्पिता, हर्षिता, ललिता यांत 'इत' हा प्रत्यय आहे आणि तो ह्रस्व असतो. पण सुनीता, विनीता, प्रणीता, परिणीता यांत 'इत' नाही, 'नीत' आहे. 'नी' म्हणजे नेणे या धातूपासून ते आलं आहे, म्हणून दुसरी वेलांटी. एवढी एक खूण लक्षात ठेवली तर निम्मी नावं सुटतात.

उकारांतही तसंच. 'ऊर्मी' म्हणजे लाट, तिच्यावरून लक्ष्मणाची 'ऊर्मिला', म्हणून मुळात दीर्घ ऊ. 'उर्वशी' आणि 'उर्वी' मात्र ह्रस्व. 'पूजा', 'पूर्वा', 'मयूरी' दीर्घ. आणि 'नूपुर' : आधी दुसरा उकार, मग पहिला. हे नाव मी दहापैकी आठ वेळा 'नुपूर' असं उलटं लिहिलेलं पाहिलं आहे.

६. ऋतुजा की रुतुजा? ऋजुता की रुजुता? ऋचा की रुचा?

ऋतुजा, ऋजुता. 'ऋतू' आणि 'ऋजू' (सरळ) हे शब्द ऋ ने लिहितात. 'रुतुजा', 'रुजुता' लिहिलं की अर्थाशी नातं तुटतं. लिहायला सोपं म्हणून रु करू नका, शाळेत गेली की मुलगी चार-पाच महिन्यांत ऋ शिकते.

ऋचा आणि रुचा यांची गोष्ट वेगळी आहे. 'ऋचा' म्हणजे वेदातला मंत्र. 'रुचा' म्हणजे तेज, कांती, आवड. दोन्ही खरे शब्द, दोन्ही चांगली नावं. इथे चूक-बरोबर काही नाही, तुम्हाला कुठला अर्थ हवा ते ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगा.

याच रांगेतलं एक नाव मी आवर्जून सांगते. 'त्रिशा' ऐकायला छान वाटतं आणि त्याचं शुद्ध रूप म्हणून कुणीतरी 'तृषा' सुचवतं. 'तृषा' म्हणजे तहान. अर्थ माहीत असून ठेवलंत तर माझी काही हरकत नाही, पण निदान तो माहीत असायला हवा.

७. मग ऋतुजा, अमृता, तृप्ती यांच्या स्पेलिंगमध्ये 'यू' घालायचा की 'आय'?

मराठी माणूस ऋ चा उच्चार 'रु' करतो, हिंदी भाषक 'रि' करतो. म्हणून पुण्यातली तृप्ती टी-आर-यू आणि लखनौची टी-आर-आय. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. घरात जो उच्चार होतो तो लिहावा असं माझं मत आहे, म्हणजे आपल्याकडे 'यू'. 'आय' लिहिलंत तर शाळेत बाई 'रितुजा' म्हणतील आणि घरी आजी 'रुतुजा'. मुलगी दोन नावांना 'ओ' देईल.

८. प्रज्ञा, ज्ञानदा, ज्ञानेश्वरी : 'डी-एन-वाय', 'जी-वाय' की 'जे-एन'?

देवनागरीत 'ज्ञ' एकच आहे, उच्चार प्रांतोप्रांती बदलतात. मराठीत द्न्य, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. संस्कृत अभ्यासक जे-एन लिहितात, कारण मुळात तो ज आणि ञ आहे. महाराष्ट्रात डी-एन-वाय रुळलेलं आहे. ते लांब दिसतं आणि परप्रांतीयांना वाचताना अडखळायला होतं हे खरं, पण पी-आर-ए-जी-वाय-ए लिहिलंत की देशभर तिला 'प्रग्या' म्हणतील हेही तितकंच खरं. मी डी-एन-वायच्या बाजूने आहे. कुटुंब कायमचं दिल्लीला असेल तर तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

९. जान्हवी की जाह्नवी? इंग्रजीत तर पाच प्रकार दिसतात!

या एका नावाने माझ्याकडे जितके फोन आले तितके दुसऱ्या कुठल्या नावाने आले नसतील.

जह्नू ऋषींनी गंगा पिऊन टाकली आणि पुन्हा सोडली, म्हणून गंगा त्यांची मुलगी, ती जाह्नवी. 'जह्नु'मध्ये आधी ह, मग न. संस्कृत रूप 'जाह्नवी'च आहे. पण मराठी जिभेला 'ह्न' म्हणणं जड जातं, ती न आधी घेते आणि ह मागून. म्हणून चिह्नाचं 'चिन्ह' झालं, प्रह्लादाचा 'प्रल्हाद' झाला आणि जाह्नवीची 'जान्हवी'. चिन्ह आणि प्रल्हाद आपण मराठीत सर्रास लिहितो, त्यांना कुणी अशुद्ध म्हणत नाही. मग जान्हवीलाच का म्हणायचं? माझ्या लेखी मराठीत दोन्ही रूपं चालणारी आहेत. चालत नाही ते 'जानव्ही'. दोन्ही रूपांत ह व ला कुठेच जोडलेला नाही.

आता इंग्रजी. मराठीत जे लिहिलंत त्याच क्रमाने अक्षरं घ्या. 'जान्हवी' असेल तर जे-ए-एन-एच-ए-व्ही-आय. 'जाह्नवी' असेल तर जे-ए-एच-एन-ए-व्ही-आय. जे-एच-ए-एन-व्ही-आय वाचलं जातं 'झान्वी', आणि जे-ए-एन-व्ही-आयमध्ये ह गायब होतो. दाखल्यावर एन-एच आणि आधारवर एच-एन अशी अदलाबदल याच नावात सर्वांत सहज होते, कारण दोन्ही वाचायला सारखीच दिसतात. प्रत्येक कागद हातात आल्यावर त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून पाहा.

१०. ईशा, इशा, ईषा : तिन्ही एकच का?

नाही. 'ईशा' हे ईश शब्दावरून, स्वामिनी किंवा देवी या अर्थाने. 'ईषा' म्हणजे रथाचा किंवा नांगराचा दांडा. शब्द जुना आणि खरा आहे, पण आईवडिलांच्या मनात तो अर्थ बहुधा नसतो. 'इशा' हे ईशाचंच घाईत लिहिलेलं रूप. तुम्हाला देवी हवी असेल तर दुसरी ई आणि शहामृगाचा श.

श-ष ची गल्लत इतरत्रही होते. 'आयुषी' आयुष्यातल्या ष ने. 'शर्मिष्ठा', 'प्रतिष्ठा', 'निष्ठा' यांत ष ला ठ, पण 'सृष्टी', 'दृष्टी' यांत ष ला ट. 'आकांक्षा'त क्ष आहे, 'आकांशा' असा शब्द नाही.

११. वीणा-विना, रागिणी-रागिनी : न आणि ण कसा ठरवायचा?

'वीणा' वाद्य आहे. 'विना' म्हणजे शिवाय, वाचून. एक वेलांटी आणि एक अक्षर चुकलं की मुलीचं नाव अभावाचा शब्द होतं, म्हणून हे नाव ठेवणाऱ्यांनी दुप्पट काळजी घ्यावी.

बाकी नावांना संस्कृतचा एक नियम फार उपयोगी पडतो. त्याच शब्दात आधी र, ऋ किंवा ष आलेला असेल तर पुढच्या न चा ण होतो. म्हणून रागिणी, रुक्मिणी, रोहिणी, तरंगिणी, इंद्राणी. र नाही, म्हणून मोहिनी, यामिनी, पद्मिनी, भवानी. 'शिवानी' आणि 'शर्वाणी' शेजारी ठेवून पाहा : प्रत्यय तोच, पण शर्वाणीत र आहे म्हणून ण. मधे च, ट, त वर्गातलं अक्षर किंवा ल, श, स आला तर नियम अडतो, म्हणून अर्चना आणि प्रार्थना यांत न च राहतो. 'कल्याणी' आणि 'वाणी' यांत मुळातलाच ण आहे, तिथे र शोधत बसू नका.

आमच्याच नात्यातल्या एका बारशाची गोष्ट. ताटात तांदूळ पसरले होते, आत्याने सोन्याच्या अंगठीने नाव लिहायला घेतलं आणि 'शर्वानी' लिहिलं. आजोबा संस्कृतचे शिक्षक होते. त्यांनी काही न बोलता तळहाताने तांदूळ सारखे केले, अंगठी परत तिच्या हातात दिली आणि ण काढायला स्वतः तिचा हात धरला. मी त्या वेळी जेमतेम दहावीत असेन. ण ची ती उभी रेघ तांदळात उमटलेली मला अजून दिसते.

१२. मुलीचं नाव 'सई' ठेवायचं आहे. एस-ए-आय लिहिलं तर सगळे 'साई' वाचतील का?

महाराष्ट्राबाहेर नक्कीच. 'सई' म्हणजे सखी, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंमुळे आपल्या ओळखीचं नाव. पण रोमन लिपीत अ आणि आ दोन्हींना एकच 'ए', त्यामुळे सई आणि साई तिथे एक होतात. कुणी एस-ए-वाय-ई करतं, त्याचं 'सये' होतं. कुणी एस-ए-ई लिहितं, ते इंग्रजी वाचणाऱ्याला 'से' वाटतं. मी एस-ए-आयच सुचवते आणि आईवडिलांना सांगते की पहिल्या दिवशी शिक्षकांना उच्चार सांगावा लागेल, तो सांगा. गोड, छोटं नाव आहे, त्यासाठी एवढं करायला हरकत नाही.

१३. आर्या, आरोही, अन्वी : सुरुवातीला 'ए' एकदा की दोनदा? आणि 'व' ला व्ही की डब्ल्यू?

आ असेल तर दोनदा लिहिण्याची अलीकडे पद्धत पडली आहे आणि ती उपयोगाची आहे. एकच ए घेतलं तर 'आरोही' कुणी 'अरोही' अशीही वाचू शकतं. अन्वी, अनन्या, अवनी, अदिती यांत मात्र एकच ए. 'आदिती' असं कुणी लिहीत असेल तर ते आदित्यच्या प्रभावाने, देवमाता अदितीच.

व चं म्हणाल तर आपल्याकडे सहसा जोडाक्षरात डब्ल्यू आणि एरवी व्ही लिहितात : स्वरा, स्वाती, ईश्वरी डब्ल्यूने, वैदेही, ओवी, वेदिका व्हीने. हा कायदा नाही, वळण आहे.

१४. अंकशास्त्रात बसवण्यासाठी एखादं जास्तीचं अक्षर घालावं का?

ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण ज्या मुली असं नाव घेऊन मोठ्या झाल्या त्या मला भेटतात. फोनवर नाव सांगताना "दोन एन, शेवटी एच" हे त्या आयुष्यभर सांगत असतात आणि तरी तिकिटावर चुकीचं येतं. अक्षर घालायचंच असेल तर उच्चाराला धक्का न लावणारं घाला, जन्मदाखल्याच्या आधी घाला, आणि मराठी रूप बिघडवू नका. वेगळेपणासाठी मुद्दाम वाकवलेल्या स्पेलिंगलाही हेच लागू.

१५. नक्षत्राचं अक्षर 'सी' आलं आहे. 'शि' ने नाव ठेवलं तर चालेल का? आणि ण, ङ आलं तर?

२७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, अशी १०८ अक्षरं. त्यात ङ, ञ, ण अशीही आहेत, ज्यांनी नाव सुरूच होत नाही. म्हणजे ही पद्धत पहिल्यापासून थोडी सैल धरूनच चालते. ह्रस्व-दीर्घ आणि श-स एक मानण्याची रीत बऱ्याच पंचांगकर्त्यांची आहे. तुमच्या गुरुजींना विचारा. राशीचं नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहेच. जन्मपत्रिकेत राशीचं लिहा, दाखल्यावर हवं ते. मात्र अक्षर जुळावं म्हणून 'शिवानी'ची 'सिवानी' करू नका.

१६. दवाखान्यातून लगेच नाव मागत आहेत आणि आमचं ठरलेलं नाही. काय करायचं?

नाव रिकामं ठेवा. जन्माची माहिती २१ दिवसांत नोंदवायची असते, नाव त्याच वेळी दिलंच पाहिजे असं नाही. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. घाईत कुठलं तरी स्पेलिंग देऊन नंतर बदलत बसण्यापेक्षा रिकामी जागा शतपट बरी. कारण रिकामी जागा भरता येते, पण भरलेलं नाव बदलायला गेलं की प्रश्न १८ चा रस्ता धरावा लागतो.

एवढंच करा की बारसं झाल्यावर आठवडाभरात जाऊन नाव घाला. "करू सावकाश" म्हणता म्हणता शाळाप्रवेश येतो.

१७. आधार काढताना मराठी नाव आपोआप चुकीचं आलं. असं का होतं?

आधारवर नाव इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, दोन्हीत छापतात. इंग्रजी टाइप केलं की मराठी रूप संगणक स्वतः बनवतो. त्याला 'टी' म्हणजे त की ट, 'एन' म्हणजे न की ण हे कसं कळणार? म्हणून 'ऋणाली'ची 'रुनाली' होते. नोंदणी केंद्रावर पडदा तुमच्याकडे वळवून दाखवायला सांगा आणि मराठी रकाना तिथेच दुरुस्त करून घ्या. मागे रांग असली तरी घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्या दोन संधी लहानपणीच संपवू नका.

५ वर्षांखालच्या मुलीचं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं आणि ५ व १५ व्या वर्षी ठसे द्यायला जावं लागतं. त्या दोन्ही वेळी नावही पुन्हा वाचून घ्या.

१८. दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं स्पेलिंग पडलं. आता?

आधी चूक कुणाची ते पाहा. तुम्ही दिलेलं बरोबर होतं आणि लिहिणाऱ्याने एखादं अक्षर बदललं असेल, तर ती लेखनातली चूक. ज्या निबंधकाकडे जन्मनोंद आहे त्याच्याकडे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुरावे देऊन ती दुरुस्त होते. शाळेतली चूक असेल तर जन्मदाखला दाखवून शाळेच्या जनरल रजिस्टरात दुरुस्ती मागा आणि हे दहावीचा फॉर्म भरायच्या कितीतरी आधी करा. एकदा दहावीचं प्रमाणपत्र निघालं की मागचं सगळं हलवणं फार कष्टाचं होतं.

तुमचं मन बदललं म्हणून स्पेलिंग बदलायचं असेल तर तो नावातला बदल. त्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय हे काम पाहतं आणि अर्ज ऑनलाइन होतो. अल्पवयीन मुलीच्या वतीने पालक अर्ज करतात. राजपत्राची प्रत जपून ठेवा, ती पुढे अनेक ठिकाणी मागतात.

१९. आता आईचं नावही लिहितात ना? त्याचा स्पेलिंगशी काय संबंध?

मोठा संबंध आहे आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. म्हणजे मुलीच्या पूर्ण नावात आता आईचंही स्पेलिंग आलं. पुष्कळ आयांची माहेरची प्रमाणपत्रं एका स्पेलिंगची आणि लग्नानंतरची दुसऱ्या. 'स्मिता'त कुठे आय, कुठे दोन ई. बाळाचा फॉर्म भरण्याआधी आईने आपलं आधार, पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवून एक रूप नक्की करावं. या निमित्ताने का होईना, तिच्या नावाकडेही घराने तेवढ्याच काळजीने पाहावं असं मला मनापासून वाटतं.

२०. आम्ही परदेशात आहोत. तिथल्या लोकांना जमेल असं स्पेलिंग निवडावं का?

जिथे राहता तिथली भाषा ती अक्षरं कशी वाचते ते एकदा तपासा. जर्मनीत 'जे' चा उच्चार य होतो, म्हणजे जान्हवीची 'यान्हवी'. आणि 'व्ही' अनेकदा फ होतो, तर व साठी तिथे डब्ल्यू. स्पॅनिशमध्ये 'जे' ख किंवा ह सारखा. देशातही असे फरक आहेत. दक्षिणेकडे त साठी 'टी-एच' लिहितात, म्हणून बंगळुरूच्या शाळेत 'स्वाती'त एच घातला गेला तर आश्चर्य नको. आपल्याकडे मात्र तो 'स्वाथी' वाचला जाईल.

तरी मी सांगेन की स्पेलिंग मराठी उच्चाराजवळचंच ठेवा. देश बदलू शकतो. आणि फार लांब जोडनाव ठेवण्याआधी हे पाहा, की पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत आडनावासह नावाला ३९ जागाच असतात.

२१. नाव आधीच 'दिपाली' असं नोंदवलं आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. आता शुद्ध करून घ्यावं का?

इंग्रजी सगळीकडे एकसारखं असेल तर ते हलवू नका. मराठी वेलांटी मात्र वहीवर, शाळेच्या हजेरीपटावर आजपासून दुसरी लिहायला सांगू शकता. ती लहान आहे, सहज वळण बदलेल. शाळेच्या नोंदीत बदल हवा असेल तर प्रश्न १८ पाहा.

मुलगी मोठी असेल तर आधी तिला विचारा. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एका लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं होतं, त्यात वधूचं नाव 'नुपूर'. मी सवयीने खूण करून कागदाच्या कडेच्या समासात 'नूपुर' लिहिलं. संध्याकाळी तिचाच फोन आला. म्हणाली, "काकू, संस्कृतात काय आहे ते मला माहीत आहे. पण माझ्या आजीने माझ्या पहिल्या पाटीवर असंच लिहून दिलं होतं, मी तसंच लिहिते." मी खूण खोडली आणि शेजारी लिहिलं, 'आहे तसे ठेवा'.